बंदुकीची दुरुस्ती : कुठली कुणाकडे?



रानडुकरांनी उसाचा फड लोळवला की राखणीची बंदूक खुंटीवरून खाली येते. मागे एका सभासदाने विचारले, "साहेब, नळीला पोचा आलाय. लोहाराकडून ठोकून घेऊ का?" मी म्हटले, "नांगराचा फाळ खुशाल द्या, बंदूक नको."

कारण असे की, फाळ तुटला तर एक दिवस मोडतो. बारा बोअरच्या नळीत बार उडताना दर चौरस इंचाला तीन टनांच्या आसपास दाब येतो, आणि आपला हात त्याच नळीखाली असतो. भट्टीत तापवले की पोलादाचे पाणी उतरते. दुनळीचा तर डाकच सुटतो.

घरी करायचे काम एवढेच : बंदूक रिकामी करून पुसणे, तेल लावणे. भरमार बंदूक रिकामी आहे असे धरून चालू नका. टोपी काढा, तोंडासमोर उभे न राहता गज आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावा. बुडापर्यंत पुरला नाही तर आत बार आहे.

दस्त्याची चीर, ढिले स्क्रू ही कामे परवानाधारक कारागिराची. पण नळीला पोचा, फुगवटा किंवा तडा, नळी आणि बूड यांत फट, चाप न ओढता बार उडणे, यांपैकी काही दिसले तर बंदूक बनविणाऱ्या कारखान्याकडेच द्यावी. जादा दाबाचा बार उडवून नळी पारखण्याची सोय तिथे असते. आपल्या भद्रावतीचा कारखाना जवळचा खरा, पण तो दारूगोळ्याचा. बनविणारा कारखानाच बंद पडला असेल तर ती बंदूक वापरूच नका.

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. दुरुस्तीसाठी बंदूक दुसऱ्याच्या हाती पाठवायची तर त्याला लेखी अधिकारपत्र द्या. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

त्या सभासदाने बंदूक बांधून ठेवली. त्या रात्री डुकरांनी चार सऱ्या खाल्ल्या, त्याला हळहळ वाटली. पण मोडलेला ऊस खोडव्याला पुन्हा फुटतो, तुटलेली बोटे फुटत नाहीत.

आपला,
ऊस विकास अधिकारी