डाव्या कुशीतलं अपेंडिक्स

(राहात्यातली पेरूची बाग. भाची लोणीच्या मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकते.)

मामा : अपेंडिक्स म्हंजे उजवीकडं दुखणार, एवढं तर मलाबी कळतं. डाव्या कुशीत दुखणाऱ्याला अपेंडिक्स कसं काय निघतं गं?

भाची : त्याचं असतंच डावीकडं, मामा. आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचं आतडं पोटात मावेनासं होतं, म्हणून ते नाळेत उतरतं. दहाव्या आठवड्याच्या आसपास परत येतं. या सगळ्यात आतड्याच्या मुख्य धमनीभोवती 270 अंशांचा वळसा घेतं, तेव्हा कुठं अपेंडिक्स उजवीकडं खाली येऊन बसतं. वळसा अर्धवट राहिला, की लहान आतडं उजव्या बाजूला आणि मोठं डाव्या.

मामा : आन् माणूस तसाच जगतो?

भाची : बऱ्याच जणांना तान्हेपणीच पीळ पडतो, हिरवी उलटी होते, तिथंच सापडतं. काहींना मात्र चाळिशी ओलांडली तरी पत्ता नसतो.

मामा : मग ओळखायचं कशावरून?

भाची : दुखणं कसं सुरू झालं, ते नीट विचारायचं. अपेंडिक्स कुठंही असो, पहिली कळ बहुधा बेंबीभोवतीच येते, कारण त्याच्या नसा मज्जारज्जूत बेंबीच्याच पातळीला पोचतात. पुढं सूज पोटाच्या अस्तराला भिडली, की पेशंट बोट ठेवून जागा दाखवतो. ती जागा डावीकडं निघाली, की डॉक्टर मुतखडा शोधतो, मोठ्या आतड्याची सूज शोधतो, बाई असेल तर अंडाशय बघतो. अपेंडिक्स आठवेपर्यंत ते फुटलेलं असतं.

मामा : तुम्ही लोक मार्क देता म्हणं त्याला?

भाची : अल्वाराडोचे, 1986 सालापासून. एकूण दहा. त्यातले दोन उजवीकडं खाली दाबल्यावर दुखण्याचे. डावीकडच्याचे ते आधीच गेले! नुसते कमी मार्क बघून कुणाला घरी पाठवणं मला पटत नाही.

मामा : सोनोग्राफीत दिसत नाही?

भाची : शोधणारा उजवीकडंच शोधतो आणि ‘दिसलं नाही’ लिहितो. सीटी स्कॅन जास्त भरवशाचा. एरवी आतड्याची मोठी शीर धमनीच्या उजव्या अंगाला असते, वळसा अर्धवट राहिलेल्यांत बऱ्याचदा उलट दिसते. काहींचे तर सगळेच अवयव उलटे, काळीजसुद्धा उजवीकडं. ते स्टेथोस्कोपनंही कळतं. पण त्यातही काहींचं अपेंडिक्स डावीकडं असून दुखतं मात्र उजवीकडंच.

मामा : घ्या! आता कुणावर विश्वास ठेवायचा?

भाची : म्हणून तर पोरांच्या ऑपरेशनमध्ये, लॅडच्या पद्धतीत, पीळ सोडवून मोठं आतडं डावीकडं ठेवतात आणि चांगलं अपेंडिक्सही काढून टाकतात. पुढं कधी डाव्या कुशीत दुखलं, तर डॉक्टर फसू नये.

मामा : आन् मोठ्या माणसाचं अपेंडिक्स काढताना हा घोळ सापडला, तर लगेच तेबी ऑपरेशन?

भाची : त्यावर सर्जनांचं एकमत नाही. पीळ पडलेला असेल तर थांबता येत नाही. नाहीतर पू झालेल्या पोटात मोठं काम काढू नये, असं मला वाटतं. आधी अपेंडिक्स काढायचं, आतडं कसं आहे ते पेशंटला सांगायचं, डिस्चार्ज कार्डावर लिहून द्यायचं, बाकीचं नंतर.