दागिन्यावरून पुष्पगुच्छ : कला आणि कार्यानुभवाचा एक पाठ



लग्नसराई सुरू झाली की आपल्या जालना जिल्ह्यातल्या शाळांत सोमवारी निम्मा वर्ग पेंगत असतो. लेकरं लग्नाला जाऊन आलेली असतात. मांडव, नवरीची साडी, गळ्यातले दागिने, स्टेजवर दिलेले पुष्पगुच्छ, सगळं त्यांच्या डोळ्यांत ताजं असतं. या गोष्टीचा पाठासाठी चांगला उपयोग होतो. हा पाठ इयत्ता सहावी ते आठवीसाठी आहे. चार तासिका पुरतात.

आधी माझी चूक सांगते

पहिल्यांदा हा पाठ घेतला तेव्हा मी सूचना दिली, "घरातला आईचा एक दागिना बघा आणि त्याचं चित्र काढून आणा." दुसऱ्या दिवशी एका मुलीने कोरा कागद दिला. विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "बाई, आमचं गहाण पडलंय." आणखी तीनचार मुलांनीही कागद आणलेच नव्हते.

दुष्काळ, दवाखाना, मोठ्या बहिणीचं लग्न, अशा कारणांनी आपल्याकडे घरातलं सोनं सावकाराकडे किंवा बँकेत जातं. काही लेकरांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात आणि ती आजीजवळ राहतात. हे मला माहीत होतं, तरी प्रश्न तसा विचारला गेला. म्हणून तुम्ही प्रश्न बदला. दागिना मागू नका, दागिन्याचं नाव मागा. "आजीला, शेजारच्या काकूंना विचारा आणि दागिन्यांची पाच नावं लिहून आणा." दागिना गहाण पडला तरी त्याचं नाव आजीच्या तोंडात असतंच. माझ्या वर्गात दुसऱ्या फेरीला सगळ्यात लांब यादी त्या कोऱ्या कागदवाल्या मुलीची होती.

पायरी 1 : नावं फळ्यावर लिहा (एक तासिका)

आलेली नावं फळ्यावर लिहा आणि विचारा, "यातली कोणती नावं शेतातून किंवा झाडावरून आली आहेत?" मुलं स्वतःच शोधतात:

- बकुळीहार : बकुळीच्या फुलासारखे मणी.
- चाफेकळी : चाफ्याच्या कळीसारखे लांबट मणी.
- बोरमाळ : बोरासारखे लंबगोल मणी. वरून सोन्याचा पत्रा, आत लाख.
- जोंधळी पोत : जोंधळ्याच्या, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे मणी.
- जवमणी : जवाच्या दाण्यासारखे मणी.
- कोल्हापुरी साज : याच्या पानड्यांत बेलपान, चंद्र, मासा, कासव असे आकार.

इथे थोडं थांबा. सोनाराने हे आकार शेतातून आणि झाडावरून उचलले, हे मुलांच्या लक्षात येऊ द्या. मग पुढचा प्रश्न टाका, "सोनाराने फुलाचा दागिना केला. आपण दागिन्याचं परत फूल करू शकतो का?" या एका प्रश्नावर पुढचा सगळा पाठ उभा आहे.

पुतळ्यांची माळ यादीत आली तर तिची गोष्ट जरूर सांगा. पुतळी हे नाणं. व्यापारातून आलेल्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर माणसाची आकृती असे, तिच्या धर्तीवर या पुतळ्या घडवल्या जाऊ लागल्या. इतिहासाच्या तासाला हे धाग्यासारखं जोडता येतं.

पायरी 2 : आपल्याच मातीतली गोष्ट

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या माणसांनी दिलेल्या दानाचा उल्लेख सांचीच्या शिलालेखांत आहे. 1970च्या दशकात इथे उत्खनन झालं. मणी, शंखाच्या बांगड्या आणि एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा सापडला. या तुकड्याशी जुळणारी एक हस्तिदंती मूर्ती 1938 साली इटलीत पोम्पेई इथे सापडली होती. पोम्पेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. ती भोकरदन परिसरात घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

त्या मूर्तीचं चित्र मोबाईलवर दाखवा. हातभर बांगड्या, पायांत वाळे, गळ्यात माळा, कमरेला पट्टा. "बाई, आमच्या तांड्यावरची आजी अशाच बांगड्या घालते," असं एखादं लेकरू हमखास म्हणतं. म्हणू द्या.

आता उलट बाजूने एक गोष्ट. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने 1840 साली लग्नात डोक्यावर संत्र्याच्या फुलांचं कडं घातलं होतं. पुढे तिच्यासाठी त्याच फुलांच्या रूपाचे दागिने घडवले गेले, सोन्याची पानं आणि चिनीमातीची पांढरी फुलं. आपली मोसंबी संत्र्याच्याच कुळातली. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बहार धरला की बागेत कसा वास सुटतो, हे मुलांना सांगावं लागत नाही. पण एक नियम ठरवूनच टाका: मोसंबीचं फूल तोडायचं नाही. ते फूल म्हणजे कुणाच्या तरी घरचं फळ आहे. छाटणीत पडलेली पानं मात्र घ्या. हिरवीगार असतात आणि टिकतातही.

पायरी 3 : गुच्छ बांधणं (दोन तासिका)

साहित्य : लहान झेंडू, पांढरी-पिवळी शेवंती, निशिगंधाच्या काड्या, एखादी गुलाबकळी, ज्वारीची कणसं, सुई-दोरा, बारीक तार, सुतळी, ओलं फडकं. फुलं आदल्या संध्याकाळी आणून देठ तिरके कापा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. तार आणि कात्री शिक्षकांनीच हाताळावी.

चार-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने एक दागिना निवडून आधी कागदावर रेखाटन करायचं. रेखाटनात तीन गोष्टी शोधायला सांगा: मधोमध काय आहे, कोणता आकार पुन्हा पुन्हा येतो, आणि बाह्यरेषा कशी आहे. काही नमुने देते.

- ठुशीचा गुच्छ : ठुशीत मणी एकमेकांना चिकटून असतात. तशी लहान शेवंतीची फुलं गच्च, गोल बांधा. मधे पान दिसू देऊ नका.
- बोरमाळेचा गुच्छ : लहान झेंडू दोऱ्यात ओवा. मधे मोठी फुलं, दोन्ही टोकांकडे लहान होत जाणारी. अशा दोन माळा गुच्छाखाली सोडा. इथे सममिती आणि चढता-उतरता क्रम आपोआप शिकवून होतो.
- नथीचा गुच्छ : तारेचा अर्धगोल करा. निशिगंधाच्या न उमललेल्या कळ्या म्हणजे मोती. मधे लाल गुलाबकळी माणकासाठी, मोसंबीचं पान पाचूसाठी.
- जोंधळी पोत : ज्वारीची कणसं आणि पांढरी शेवंती. कणसं आधी अंगणात झटकून घ्या, कूस खाजते.

बांधताना एक युक्ती सांगा. देठ उभे सरळ धरले की गुच्छ झाडूसारखा दिसतो. प्रत्येक देठ थोडा तिरका, एकाच दिशेने ठेवत हात फिरवत गेलं की वर फुलं गोल पसरतात आणि खाली देठांचा पीळ बसतो. तो पीळ जिथे सगळ्यात बारीक असतो तिथे सुतळी बांधा आणि देठांना ओलं फडकं गुंडाळा.

शेवटी प्रत्येक गटाने खर्चाचा तक्ता भरायचा: फूल, नग किंवा वजन, बाजारातला भाव, एकूण. बांधाला आलेलं, अंगणातलं, विकत घेतलेलं असं वेगळं लिहायला सांगा.

"लग्न" हा शब्द वर्गात वापरताना

हा विषय घेताना मला भीती वाटत होती आणि ती तुम्हालाही वाटली पाहिजे. आपल्या भागात बालविवाह अजून होतात. सातवी-आठवीची मुलगी अचानक शाळेत येईनाशी होते आणि कारण नंतर कळतं. म्हणून "तुझ्या लग्नात कोणता गुच्छ हवा?" असं मुलींना गमतीतही विचारू नका. गुच्छ करायचा तो मावशीसाठी, काकासाठी, निरोप समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. आणि त्याच तासाला स्पष्ट सांगा: 2006च्या कायद्यानुसार लग्नासाठी मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 पूर्ण लागतं, आणि मदतीसाठी 1098 हा क्रमांक मोफत आहे. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुसू नका.

गट करताना मुलं आणि मुली दोघांनाही सुई-दोरा द्या. माझ्या वर्गात सगळ्यात सफाईदार बोरमाळ दोन मुलांनी ओवली. त्यातल्या एकाच्या घरी हारांचं दुकान आहे, हे मला त्याच दिवशी कळलं.

मूल्यमापन

"सुंदर" म्हणून गुण देऊ नका. तीन प्रश्न विचारा:

1. तुमचा गुच्छ कोणत्या दागिन्यावरून केला, ते न सांगता दुसऱ्या गटाला ओळखता आलं का?
2. दागिन्यातला कोणता आकार घेतला आणि कोणता सोडला? का?
3. नाव कुणाकडून कळलं? त्यांनी आणखी काय सांगितलं?

पालकांसाठी

पालकहो, लेकरू घरी येऊन "आजी, वज्रटीक म्हणजे काय?" असं विचारेल. दहा मिनिटं काढा. दागिना घरात असला तर हातात द्या, नसला तर कसा होता ते सांगा. विकला गेला असेल, तर कशासाठी विकला तेही सांगायला हरकत नाही. कुणाची फी भरली, कुठली विहीर खणली, हेही लेकरांना कळू द्या.

पाठ संपल्यावर त्या मुलीने नथीचा गुच्छ घरी नेला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "बाई, आईने तो रात्रभर माठाजवळ ठेवला, सुकू नये म्हणून."

तुमच्या गावात दागिन्यांची वेगळी नावं सापडली तर नक्की कळवा. यादी वाढवत नेऊ.