सवाईच्या मांडवात एक दिवस

नागपूर शहराच्या उत्तरेला जरीपटका नावाची वस्ती आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेली पुष्कळ कुटुंबे येथे राहिली. म्हणून या वस्तीत सिंधी, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आम्हीही येथेच राहतो.

संध्याकाळी आम्हा तिघा मित्रांची बैठक जमते. एक मित्र सिंधी. त्यांचे कापडाचे दुकान आहे. त्यांना आम्ही शेठजी म्हणतो. दुसरे भाऊ. ते रिक्षा चालवतात. मूळचे काटोलकडचे. पन्नाशी उलटल्यावर ते रात्रीच्या वर्गात लिहायला वाचायला शिकले.

मागल्या डिसेंबरात आम्ही ठरवले की पुण्याला जाऊन सवाई गंधर्व महोत्सव ऐकायचा. भाऊ मागे सरले. म्हणाले, "गुरुजी, मले त्या गाण्यातलं काय समजते जी? तिथं मोठे लोक येतात. हसतील मले."

आम्ही म्हटले, "चला तर खरे. आम्ही समजावून सांगू." हे बोलणे पुढे आमच्याच अंगाशी आले.

रात्रीची गाडी धरली. डब्यात भाऊंनी विचारले, "हे सवाई गंधर्व म्हणजे कोण?"

धारवाडजवळ कुंदगोळ नावाचे गाव आहे. तेथले रामभाऊ कुंदगोळकर हे मोठे गवई. ते मराठी नाटकांत बाईची भूमिका करीत आणि गात. गंधर्व म्हणजे देवांचा गायक. सवाई म्हणजे सव्वापट. लोकांनी त्यांना हेच नाव दिले. १९५२ साली ते वारले. १९५३ साली त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या आठवणीसाठी पुण्यात हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था तो भरवते.

भीमसेनांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अकरा वर्षांचे असताना ते गुरू शोधायला घरातून पळाले. खिशात पैसे नाहीत. तसेच बिनतिकिटाचे आगगाडीत बसायचे आणि गाणी म्हणत पुढे जायचे. (आमच्याजवळ मात्र तिकिटे होती, बरे का!) खूप भटकून शेवटी कुंदगोळला आले. गुरूच्या घरी पाणी भरले, पडेल ते काम केले, तेव्हा विद्या मिळाली. २००८ साली त्यांना भारतरत्न हा देशातला सर्वांत मोठा मान जाहीर झाला. २०११ साली ते वारले. तेव्हापासून महोत्सवाच्या नावात गुरूबरोबर शिष्याचेही नाव आले.

भाऊ म्हणाले, "पाणी भरलं म्हणता? मंग तो आपल्यातलाच माणूस."

पूर्वी हा महोत्सव रमणबाग शाळेच्या मैदानावर होत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगरात होतो. मैदानावर भला मोठा मांडव. पुढे व्यासपीठ. काही लोक खुर्च्यांवर, बाकीचे खाली बैठकीवर. आम्ही खालीच बसलो. चादर आणि डबा बरोबर होता. हजारो माणसे होती, पण भाऊंच्या कपड्यांकडे कोणीही पाहिले नाही. सगळ्यांची तोंडे गाण्याकडे.

दुपारी एक तरुण बाई गायला बसल्या. मागे दोन तानपुरे. तानपुऱ्याला चार तारा असतात. तो सारखा एकच सूर धरून ठेवतो, म्हणजे गाणाऱ्याचा सूर घसरत नाही. बाईंनी डोळे मिटून हळूहळू सूर लावले. आमची मास्तरकी जागी झाली. आम्ही भाऊंच्या कानाशी लागलो : "हा भीमपलास राग. हा दुपारचा. राग म्हणजे ठरावीक सुरांची..."

पुढे बसलेल्या एक आजी मागे वळल्या. म्हणाल्या, "काका, गाणं ऐकू द्या हो."

आमचे तोंड एवढेसे झाले. चाळीस वर्षे आम्ही पोरांना गप्प बसवले. त्या दिवशी आम्हाला गप्प बसावे लागले.

मग आम्ही भाऊंकडे पाहिले. त्यांचा हात मांडीवर पडत होता. तबलेवाला तीनताल वाजवीत होता. तीनतालात सोळा मात्रा. सोळा संपल्या की पुन्हा पहिली येते, तिला सम म्हणतात. गाणारा कोठेही फिरला तरी समेवर बरोबर येऊन पोचतो, आणि ऐकणारे मान हलवतात. भाऊंची मान दर वेळी अचूक समेवर हलत होती. आमची दोनदा चुकली. खोटे कशाला सांगावे?

नंतर विचारले, "भाऊ, हे कोठे शिकलात?"

"शिकतो कायले? गावच्या भजनात खंजिरी वाजवत होतो न जी."

ऊन उतरले. एका गायकाने मारवा घेतला. हा दिवस मावळतानाचा राग. त्यात मन उगीच हुरहुरते. शेठजी बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "एका रागाचं नाव सिंध भैरवी आहे म्हणतात, खरं का?" आम्ही म्हटले, खरे. ते म्हणाले, "गाव सुटलं, पण नाव तरी गाण्यात राहिलं."

रात्री दहाला कार्यक्रम संपायचा होता. पूर्वी येथे रात्रभर, पार उजाडेपर्यंत गाणे चाले. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. २००० साली आवाजाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णे लावता येत नाहीत. वर्षातले थोडे दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते.

शेठजींना हे पटेना. त्यांचे वडील सांगत, सिंधमध्ये गावोगाव भगत चाले, म्हणजे गाणे, नाच आणि कथा. तीही उघड्यावर आणि रात्रभर.

भाऊ म्हणाले, "मले पहाटे चारले सवारी राहते. शेजारचा डीजे झोपू देत नाही. कायदा बराच आहे." आम्हाला भाऊंचे पटले. तरी पहाटेचे राग गेले याची हळहळ वाटतेच.

शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. तशी प्रथाच आहे. १९५२ साली वारलेल्या माणसाचा गळा मांडवभर फिरला. कोणी हालले नाही.

परतीच्या गाडीत भाऊंनी पिशवीतून वही काढली आणि ऐकलेल्या रागांची नावे लिहू लागले. मधेच थांबून विचारले, "गुरुजी, भीमपलासचा भी दीर्घ न जी?"

"दीर्घ."

"अन् सिंधचा सि?"

"ऱ्हस्व," शेठजींनीच सांगितले.