खरा अशोक : ओळख आणि संवर्धन

देवालयाच्या प्रवेशमार्गावर दुतर्फा उभ्या असलेल्या उंच, सरळ, सदाहरित वृक्षांना आपण सर्रास ‘अशोक’ म्हणतो. आप्तांच्या स्मरणार्थ अशोकाचे रोप अर्पण करू इच्छिणाऱ्या कित्येक भाविकांच्या मनातही हेच झाड असते. वस्तुतः ते आसुपालव, म्हणजेच खोटा अशोक होय. ज्याच्या वनात सीतामाईने रावणाच्या बंदिवासाचे दिवस कंठले, मदनाच्या पंचबाणांत ज्याच्या पुष्पाची गणना होते, कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त मालविकेच्या पादाघाताने जो फुलतो, तो अशोक निराळा. महाराष्ट्रात त्यास सीताअशोक असे म्हणतात.

दोहोंतील भेद ओळखण्यास पान पुरेसे आहे. खोट्या अशोकाचे पान एकेरी, लांबट, चकचकीत आणि कडांना लाटांप्रमाणे वळणे असलेले असते. सीताअशोकाचे पान संयुक्त असते. एकाच दांड्यावर पर्णिकांच्या साधारणतः तीन ते सहा जोड्या समोरासमोर येतात व टोकास एकटी पर्णिका नसते. त्याची कोवळी पालवी तर विसरता येऊ नये अशी. तांबूस-जांभळट रंगाचे मऊ झुबके फांद्यांच्या टोकांना खाली लोंबत असतात. झाड सुकले की काय, अशा समजुतीने काही जण ती पालवी खुडतात. तसे करू नये. काही दिवसांत तीच पाने हिरवी होऊन ताठ होतात.

फुलांचा बहर मुख्यत्वे माघ ते चैत्र या काळात येतो. फुलांचे दाट गुच्छ केवळ शेंड्यांवर न येता जुन्या, जाड फांद्यांवरही येतात. उमलताना पिवळसर-नारिंगी असलेले फूल पुढे लालभडक होते, त्यामुळे एकाच गुच्छात अनेक छटा दिसतात. गंमत अशी की, या फुलास पाकळ्या नसतात. आपण पाकळ्या समजतो ती निदलाची चार रंगीत दले होत. त्यांतून लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. चैत्र शुद्ध अष्टमीस, म्हणजे अशोकाष्टमीस, अशोकाच्या आठ कळ्या पाण्यासह प्राशन करण्याचा विधी शास्त्रग्रंथांत सांगितला आहे. खोट्या अशोकाची फिकट हिरवी, चांदणीसारखी फुले पानांत सहसा दिसतही नाहीत. अर्थात त्या झाडास कमी लेखण्याचे कारण नाही. दारावरील तोरणास त्याची पाने शोभतातच.

रोपवाटिकेत आणखी एक घोटाळा संभवतो. मलाया प्रदेशातील पिवळ्या फुलांचा, मोठ्या पर्णिकांचा अशोकही शोभेसाठी लावला जातो. तो सुंदर आहे, सीताअशोकाच्याच कुळातील आहे, पण तो सीताअशोक नव्हे. रोप घेताना हे विचारून घ्यावे.

सह्याद्रीच्या सदाहरित वनांत, ओढ्यांच्या काठी हा वृक्ष निसर्गतः वाढतो. तथापि स्त्रियांच्या विकारांवरील अशोकारिष्टासाठी त्याच्या सालीस मोठी मागणी आहे आणि साल चहूबाजूंनी सोलली की झाड मरते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या १९९८ सालच्या मूल्यांकनात हा वृक्ष धोक्यातील प्रजातींत नोंदविला गेला. खऱ्या सालीत खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, हेही जाणकारांस ठाऊक आहे. म्हणून भाविकांनी औषधाच्या किंवा प्रसादाच्या भावनेने खोडाची साल काढू नये, खिळे ठोकू नयेत आणि नवसाचा दोरा घट्ट आवळून बांधू नये. खोड जाड होत जाते, दोरा मात्र वाढत नाही.

रोप बियांपासून उत्तम होते. चपट्या, चिवट शेंगा पावसाळ्याच्या सुमारास पिकतात. बियांची उगवणशक्ती लवकर नष्ट होत असल्याने त्या साठवून ठेवू नयेत. ताज्या बिया रात्रभर पाण्यात भिजवून माती, वाळू व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात, सावलीत पेराव्यात. रोप सावकाश वाढते, तेव्हा घाई करू नये. वर्षभर पिशवीत सांभाळून पुढील पावसाळ्याच्या आरंभी ते जमिनीत लावावे. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल असावा आणि त्यात भरपूर शेणखत घालावे.

जागेची निवड सर्वांत महत्त्वाची. मूळचा ओढ्याकाठचा हा वृक्ष तापलेल्या फरशीच्या मध्यभागी सुखाने नांदत नाही. मोठ्या वृक्षाची विरळ सावली, कुंडाजवळची ओलसर परंतु पाणी न साचणारी जमीन त्यास मानवते. देवालयांच्या आवारात अलीकडे सर्वत्र फरसबंदी होते. देणगीदारांनी दगडी पार बांधून देण्याऐवजी बुंध्याभोवती निदान चार फूट माती उघडी ठेवण्याचा आग्रह धरावा. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात दुपारच्या उन्हापासून आडोसा, नियमित पाणी व बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन आवश्यक आहे. बियांपासून वाढविलेल्या झाडास पहिला बहर येण्यास साधारणतः सहा ते आठ वर्षे लागतात. यास्तव स्मृतिवृक्ष अर्पण करताना रोपाच्या किमतीबरोबरच या वर्षांतील पाणी व देखभाल यांचाही खर्च देणगीत धरावा.