पुढच्या वर्षी कोणत्या बाई?

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. वर्षभर वर्गाच्या बाईंशी तिचं जमलंच नाही. वहीत पानोपानी लाल शाईत एकच शेरा : ‘पालकांनी लक्ष द्यावे.’ दोनदा सगळ्या वर्गासमोर तिला ‘मठ्ठ’ म्हटलं. चौथीला दुसऱ्या बाई मिळाव्यात म्हणून मी देव पाण्यात घालून बसले आहे, आणि आता कळतंय की याच बाई वर्गाबरोबर चौथीला जाणार. असं का करतात? पालकांना शिक्षक मागून घेता येतो का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : आधी देव पाण्यातून काढा. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा वर्गवाटप बहुधा ठरलेलं असतं. बोलायचं ते निकालाच्या आसपासच बोलायला हवं.

वर्ग पुढे नेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यामागचा विचारही वाईट नाही. नव्या बाईंचे पहिले दोन महिने कोणाला काय येतं हे ओळखण्यातच जातात. त्याच बाई असल्या की ते वाचतात. कोण डबा आणत नाही, कोणाच्या घरी काय चाललंय, हेही त्यांना ठाऊक असतं. जमलं तर चार वर्षांचं सोनं. नाही जमलं, तर मात्र मूल चार वर्षं एकाच मतात अडकतं.

शिक्षक निवडण्याचा हक्क कायदा पालकांना देत नाही. कोणता वर्ग कोणाकडे, हे मुख्याध्यापक ठरवतात. पण शिक्षणहक्क कायदा, 2009 इतर दोन गोष्टी देतो. कलम 17 प्रमाणे मुलाला मारायलाच नव्हे, मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. चारचौघांत ‘मठ्ठ’ म्हणणं माझ्या मते त्यातच मोडतं. ते तारखेसह लिहून द्या. आणि कलम 24 प्रमाणे मुलाची हजेरी, आकलन आणि प्रगती याबद्दल पालकांशी नियमित बोलणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. वहीतला शेरा म्हणजे बोलणं नव्हे.

आता मागायचं कसं? ‘या बाई नकोत, त्या द्या’ म्हणालात, तर मुख्याध्यापकांना नाही म्हणावंच लागेल. तुमचं ऐकलं की दुसऱ्या दिवशी दाराशी चाळीस पालक उभे! त्यापेक्षा मुलीला काय हवं आहे ते सांगा. त्यासाठी वही घेऊन तिच्याशेजारी बसा. समजा 52 वजा 27 चं उत्तर तिने 35 लिहिलंय, 63 वजा 38 चंही 35, आणि 41 वजा 16 चंही 35. नीट पाहा : दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करते. दर वेळी मोठ्यातून लहान. पोरीने स्वतःचा एक नियम बनवलाय आणि तो इमानाने पाळलाय. हे मठ्ठ मुलाचं काम नव्हे. तिला दशकाचे गठ्ठे सोडून, काड्या हातात देऊन हातच्याची वजाबाकी पुन्हा दाखवायला हवी. ‘पालकांनी लक्ष द्यावे’ हे ठीक, पण कशाकडे, ते बाईंनी लिहायला हवं होतं.

मुख्याध्यापकांना एवढंच सांगा : ‘‘हिला उत्तर चुकलं की ‘कसं काढलंस?’ असं विचारणारं माणूस हवं आहे.’’ दुसरी तुकडी असेल तर ते विचार करतील. नसेल तर याच बाईंना जवळ बोलावून हेच सांगता येईल. कधी कधी तेवढ्यानेही फरक पडतो.

आणि नव्या बाई आल्याच, तर एक सावधगिरी. मी सोलापूरच्या पूर्व भागात शिकवत असताना एका सहकाऱ्याने वर्ग सोपवताना तीन नावांवर बोट ठेवलं, ‘‘यांच्यामागे वेळ घालवू नका.’’ मी दिवाळीपर्यंत ऐकलं. मग कळलं की त्यातला एक जण मनात तेलुगूत मोजायचा आणि मराठीत सांगायचा, म्हणून त्याचं उत्तर मागून यायचं. ते बरोबर असायचं; मीच तोवर पुढच्या मुलाकडे वळलेली असायची.

रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी 1968 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांना काही नावं देऊन ही मुलं यंदा चमकतील असं सांगितलं होतं. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली ती मुलं खरंच जास्त पुढे गेलेली दिसली. पुढे या प्रयोगावर बरीच टीका झाली, परिणाम सांगितला तेवढा मोठा नसतो असंही दिसलं. पण कोणाकडे किती वेळ थांबायचं हे आधीच्या मतावर ठरतं, हे मी स्वतःवरून सांगते.

म्हणून नव्या बाईंना जुन्या बाईंच्या तक्रारी सांगू नका, घरात मुलीदेखत त्यांचा उद्धारही नको. जूनमध्ये जाताना ती वही न्या, 35 च्या तीन उत्तरांवर बोट ठेवा आणि म्हणा, ‘‘ही इथे अडते.’’