टाकाऊ तेलाचा बर्नर व घरची ओतभट्टी

मोटारीच्या एंजिनांतून काढलेल्या थंड, काळ्या तेलांत पेटती काडी बुडविली, तर काडी विझते. तेल पेटत नाहीं. परंतु त्याच तेलाच्या ज्योतीवर तांबेंही वितळवितां येतें. याचें कारण असें कीं, तेल द्रवरूपानें जळत नाहीं. त्याची वाफ हवेंत मिसळली म्हणजे ती जळते. बर्नर म्हणजे हा नियम पाळण्याचें साधन होय.

आपला ओतारी मूस कोळशांत ठेवून भात्यानें वारा घालतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर, पितळ सुमारें ९०० ते ९४० अंशांवर, व तांबें १०८५ अंशांवर वितळतें. (हे सर्व अंश सेंटिग्रेडचे.) एक किलोग्रॅम टाकाऊ तेलांत सुमारें १०,००० किलोकॅलरी उष्णता असते. मात्र एक लिटर तेल पुरतें जळण्यास सुमारें १० घनमीटर हवा लागते! इतकी हवा आपण होऊन भट्टींत शिरत नाहीं. म्हणून भात्याच्या जागीं विजेचा ब्लोअर लावितात.

तेलाची वाफ सुलभ व्हावी म्हणून त्याचे बारीक कण करावे लागतात. याच्या मुख्य रीति तीन आहेत. पहिली, तापलेल्या लोखंडी पृष्ठावर तेल थेंब थेंब सोडणें. दुसरी, वाफेच्या अगर दाबलेल्या हवेच्या झोतानें तें उडविणें. रशियन एंजिनियर व्लादिमिर शुखोव्ह यांनीं एकोणिसाव्या शतकांत खनिज तेलाचा गाळ याच रीतीनें जाळणारी तोटी बनविली. तिसरी, अमेरिकेंतील रॉबर्ट बॅबिंग्टन यांची. तींत पोकळ गोलकावरून तेल पातळ पापुद्र्यासारखें ओघळतें, व गोलकाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारी हवा त्या पापुद्र्याचे तुषार करिते. छिद्रांतून तेल जात नसल्यामुळें तें गाळानें सहसा तुंबत नाहीं.

घरगुती बर्नराची रचना साधी असते. सुमारें दोन इंची लोखंडी नळींतून ब्लोअरची हवा येते, व तिच्या पोटांतून नेलेली बारीक नळी तोंडाशीं तेल सोडते. नळी भट्टीच्या भिंतींत तिरपी बसवितात. त्यामुळें ज्योत मुशीभोंवतीं फिरते. प्रथम कोळशानें अगर गॅसनें भट्टीचें अस्तर लाल करावें. मग हवा सोडावी आणि शेवटीं तेल. बंद करितांना तेल आधीं, हवा मागून. काळा धूर दिसला तर तेल अधिक किंवा हवा कमी आहे असें समजावें. ज्योत विझल्यास तेलाचा कॉक तत्काळ बंद करावा, व सांठलेली वाफ हवेनें निघून जाईपर्यंत भट्टी पुन्हां पेटवूं नये. नाहींतर स्फोट होतो.

पाणी हा या कामांतील मोठा शत्रु. तेल कांहीं दिवस स्थिर ठेवून तळचें पाणी काढून टाकावें. आमच्या तरुणपणीं आम्हीं वितळलेल्या ॲल्युमिनियमांत एक ओलसर तुकडा टाकला. रसाचे शिंतोडे छपरापर्यंत उडाले; चष्मा होता म्हणून डोळे वांचले. पाण्याची वाफ होतांना तें सुमारें १,६०० पटींनीं फुगतें, हें आम्ही वर्गांत शिकवीत होतों. त्या दिवशीं तें आम्ही स्वतः शिकलों. तेव्हांपासून साचा, चिमटा व धातु आधीं तापवून कोरडी केल्यावांचून आम्ही ओतकाम करीत नाहीं. पेटलेल्या तेलावरही पाणी ओतूं नये. जवळ कोरड्या वाळूची बादली असावी.

आणखी एक गोष्ट पालकांसाठीं. एंजिनाच्या जुन्या तेलांत जस्तासारखे धातु असतात व त्यांचा अंश धुरांत उतरतो. भारतांत २०१६ च्या नियमांप्रमाणें असें तेल घातक कचऱ्यांत मोडतें, व तें परवानाधारक पुनर्शुद्धिकारांकडे जावयाचें असतें. म्हणून मुलांच्या प्रयोगास तळणाचें उरलेलें, गाळलेलें तेल घ्यावें. त्याची उष्णता किंचित् कमी, परंतु ॲल्युमिनियमास पुरेशी असते. भट्टी उघड्या जागीं, वस्तीपासून दूर असावी, आणि जाणता मनुष्य आरंभापासून अखेरपर्यंत तेथें उभा असावा.

मुलगा अशी भट्टी मागूं लागला, तर त्यास एकदम नाहीं म्हणूं नये, व एकटाही सोडूं नये. प्रथम त्याला विचारावें : ‘काडी कां विझली?’ याचें उत्तर ज्यास नीट देतां येईल, त्याच्याच हातीं कॉक द्यावा.