शुद्ध सी-३ कामाचा आहे का, हे तपासण्याची कृती

मानवी सी-३ चा रेणू सुमारे १,८५,००० डाल्टनचा असतो आणि त्याच्या अल्फा साखळीत एक थायोएस्टर बंध दडलेला असतो. जंतूवर कॉम्प्लिमेंटची साखळी सुरू झाली की कन्व्हर्टेज सी-३ चे दोन तुकडे करते. छोटा सी-३-ए सुटून दाह वाढवतो. मोठ्या सी-३-बी चा बंध उघडा पडतो आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास तो शेजारच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतो. भक्षक पेशी याच खुणेवरून जंतू गिळतात. पुढे सी-५ ते सी-९ पटलाला भोक पाडतात. जन्मतः सी-३ नसलेल्या मुलांना न्यूमोकॉकससारखे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात ते यामुळेच.

हाच बंध पाण्याने तुटला तर रेणूचे वजन जेमतेम १८ डाल्टनने वाढते. एवढा फरक जेलवर दिसत नाही, पण चिकटण्याची ताकद गेलेली असते. म्हणून कुपीवरच्या मिलिग्रॅमवर विसंबू नये, प्रथिनाकडून काम करून घेऊन पाहावे.

साहित्य: सी-३ काढून टाकलेले मानवी सीरम, मेंढीच्या तांबड्या पेशी, त्यांच्याविरुद्धचे सशाचे प्रतिपिंड, कॅल्शियम ०.१५ व मॅग्नेशियम ०.५ मिलिमोलर असलेला जिलेटिन-व्हेरोनल बफर (पीएच ७.३), ईडीटीए घातलेले थंडगार सलाईन, आणि आधी खात्री केलेला सी-३ तुलनेसाठी. सी-३ आणि सीरम माणसाच्या रक्तातून आलेले आहेत. विषाणूंसाठी तपासलेले असले तरी हातमोजे घालाच.

मेंढीच्या पेशी बफरने तीन वेळा धुवा. वरचे पाणी रंगहीन निघाले पाहिजे. गुलाबी राहिले तर रक्त जुने आहे, दुसरे घ्या. गुठळ्या होणार नाहीत इतके पातळ केलेले प्रतिपिंड मिसळून ३० मिनिटे ३७ अंशांवर ठेवा, पुन्हा धुवा आणि दर मिलिलिटरला १० कोटी पेशी राहतील असे करा. प्रतिपिंडाची ही पायरी गाळू नका. मेंढीच्या पेशींवर सियालिक आम्ल भरपूर असते, त्यामुळे मानवी कॉम्प्लिमेंटच्या पर्यायी मार्गाला त्या सहसा दाद देत नाहीत.

सी-३ बर्फावर विरघळवा. नळ्याही बर्फातच मांडा. पहिल्या नळीत ०.१ मिलिलिटर बफरमध्ये २ मायक्रोग्रॅम सी-३ घ्या आणि पुढे प्रत्येक नळीत निम्मे करत आठ नळ्या भरा. तुलनेच्या सी-३ ची अशीच दुसरी रांग लावा. प्रत्येकीत ०.१ मिलिलिटर पातळ केलेले सीरम घाला. किती पातळ करायचे हे सीरमच्या बॅचनुसार आधी ठरवून ठेवावे लागते. शेवटी ०.१ मिलिलिटर पेशी.

कंट्रोलच्या नळ्यांत कंजुषी नको. एकीत पेशी आणि बफर, एकीत पेशी आणि ०.९ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, एकीत सी-३ शिवाय सीरम. या तिसऱ्या नळीत पेशी फुटल्या तर सीरममध्ये सी-३ उरला आहे आणि त्या दिवसाची सगळी आकडेमोड व्यर्थ. मेथिलअमाइनने थायोएस्टर मारलेल्या सी-३ चीही एक नळी ठेवा. ती कोरी राहिली की परिणाम त्या बंधाचाच, हे पक्के होते.

३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ३० मिनिटे ठेवा, मधूनमधून हलवा, नाहीतर पेशी तळाशी बसतात. पाण्याची नळी बघता बघता पारदर्शक लाल होते आणि मागे धरलेली छापील अक्षरे वाचता येतात. बफरची नळी गढूळच राहते. वेळ संपताच, पाण्याची नळी सोडून बाकी सर्वांत थंड ईडीटीए सलाईन घालून एकूण १ मिलिलिटर करा. कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधले गेले की नवी कन्व्हर्टेज तयार होत नाही. सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाचे रीडिंग ४१२ नॅनोमीटरवर घ्या.

बफरच्या नळीचे रीडिंग सगळ्यांतून वजा करा, पाण्याच्या नळीला १०० टक्के धरा आणि निम्म्या पेशी फोडायला किती सी-३ लागला ते आलेखावरून काढा. तुलनेच्या सी-३ पेक्षा चौपट लागला, तर कुपीतला साधारण चतुर्थांशच कामाचा आहे.

अशा वेळी मात्रा चौपट करून प्रयोग पुढे रेटू नका. बंध तुटलेला सी-३ गप्प बसत नाही: तो फॅक्टर बी ला बांधतो, द्रवातच पर्यायी मार्ग सुरू करतो आणि सोबतचा चांगला सी-३ खर्ची पाडतो. नवी कुपी उघडा, ती पहिल्याच दिवशी छोट्या भागांत वाटून उणे ७० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका.